काजळी एका बाजूला, क्षार दुसऱ्या बाजूला
वाचकांचे प्रश्न : बॉयलरच्या ट्यूबची सफाई

या वेळी आलेल्या बहुतेक पत्रांत ब्रशची चौकशी आहे. कुठला घ्यावा, किती मोठा घ्यावा, मोटरचा बरा की हाताचा. दोघा-तिघांना मात्र खरी गरज ब्रशची नाहीच, म्हणून त्यांच्यापासून सुरुवात करतो.

प्रश्न : आमचं सायझिंग (सुताला खळ लावण्याचं) युनिट आहे. दोन टनी (तासाला दोन टन वाफ देणारा), तीन पासचा (धूर तीन फेऱ्या मारून चिमणीत जातो असा) बॉयलर, इंधन लाकूड आणि ब्रिकेट (भुसा दाबून केलेल्या कांड्या), दाब ७ किलो. चिमणीचं तापमान पूर्वी २२० अंश असायचं, ते वाढत वाढत २७५ वर गेलं. सुट्टीत सगळ्या ट्यूब ब्रशने घासल्या, तरी काटा २६० च्या खाली येत नाही. ब्रश बदलावा का?
— बॉयलर अटेंडंट, इचलकरंजी

उत्तर : नको. तुमच्या ब्रशने त्याचं काम केलंय. तुमचा बॉयलर फायर ट्यूब जातीचा आहे. त्यात धूर ट्यूबच्या आतून जातो आणि पाणी बाहेरून असतं. काजळी आत बसते, म्हणून ती ब्रशने निघते. क्षाराचा थर पाण्याच्या बाजूला, ट्यूबच्या बाहेरच्या अंगावर धरतो, आणि तिथे कुठलाच ब्रश पोचत नाही. घासल्यावर १५ अंश उतरले, याचा अर्थ ५५ पैकी काजळीचा वाटा तेवढाच होता. उरलेले ४० अंश दुसरीकडून येतायत.

ते कुठून येतात हे शोधताना फुकटातल्या तपासण्या आधी करा. दोन्ही आकडे सारख्याच लोडवर घेतलेत ना, हे पाहा. एफडी (भट्टीत हवा ढकलणारा) आणि आयडी (धूर ओढून घेणारा) फॅनचे डँपर, म्हणजे हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपा, जुन्याच खुणेवर आहेत का, तेही पाहा. हवा गरजेपेक्षा जास्त ओढली जात असेल तर ती उष्णता घेऊन सरळ चिमणीतून निघून जाते.

पुढचं काम मागचं दार उघडून पाहण्याचं. भट्टीतून आलेला धूर जिथे वळून दुसऱ्या पासमध्ये शिरतो तो कप्पा आणि तिसऱ्या पासमधून चिमणीकडे जाणारा कप्पा यांच्यामध्ये विटांचा किंवा कास्टेबलचा (उष्णता सोसणाऱ्या काँक्रीटचा) पडदा असतो. त्याला भेग पडली, की भट्टीतला धूर ट्यूबमध्ये न शिरता परस्पर चिमणी गाठतो. दाराचा सिरॅमिक रोप चपटा झाला असेल तर तोही बदला. हे लक्षण काजळीसारखंच दिसतं आणि त्यात माणसं ब्रशवर ब्रश आणत राहतात.

पडदा शाबूत असेल तर मॅनहोल उघडा, दिवा धरून ट्यूबच्या वरच्या रांगा पाहा. पांढरट-करडा थर दिसला तर त्याचा एक खवला काढून पातळ हायड्रोक्लोरिक आम्लात टाका. फसफसला तर बहुतांश कॅल्शियम कार्बोनेट आहे, आम्लाने निघेल. ढिम्म राहिला तर सल्फेट किंवा सिलिका असण्याची शक्यता जास्त. तो हट्टी असतो, आधी प्रयोगशाळेत तपासून मगच रसायन ठरवावं लागतं. आम्लाची धुलाई स्वतः करू नका. त्यात पोलादाला वाचवणारं इनहिबिटर योग्य प्रमाणात लागतं, धुलाईच्या वेळी हायड्रोजन वायू सुटतो, म्हणून जवळपास ठिणगी चालत नाही, आणि शेवटी सोडा अ‍ॅशने आम्ल मारावं लागतं. बाष्पके संचालनालयाच्या वार्षिक तपासणीच्या आधी हे उरकलंत तर एकाच बंदीत दोन्ही कामं होतील, कारण निरीक्षकांना ट्यूब आतून-बाहेरून साफच दाखवायच्या असतात.

खर्चाचा अंदाज हवा असेल तर, धुराचं तापमान साधारण २२ अंशांनी वाढलं की कार्यक्षमता एक टक्का घटते. केंद्राच्या बीईईच्या (ब्यूरो ऑफ एनर्जी एफिशियन्सी) मार्गदर्शिकेत ३ मिमी काजळीमुळे इंधन अडीच टक्के जास्त लागतं असं दिलंय, तर पाण्याच्या बाजूच्या एकाच मिलिमीटर थरामुळे पाच ते आठ टक्के. क्षाराचा थर नुसतं इंधन खात नाही. त्याच्याआड पाणी पोचत नाही, ट्यूबचा धातू तापतो आणि मग फुगतो किंवा फुटतो. सॉफ्टनरच्या (पाणी मृदू करणाऱ्या यंत्राच्या) पाण्याचा कडकपणा रोज तपासा. नोंदवही असतेच. त्यातला आकडा खरा असावा, इतकंच.

प्रश्न : आमच्या बॉयलरच्या ट्यूब ६३.५ मिमीच्या आहेत. तेवढ्याच मापाचा तारेचा ब्रश मागवला, तर तो दोन फूट आत जाऊन अडकला. ब्रश खराब आहे का?
— मेंटेनन्स फिटर, सोलापूर

उत्तर : माप चुकलंय. ट्यूबचं माप सांगतात ते बाहेरच्या व्यासाचं. जाडी ३.२५ मिमी असेल तर दोन्ही बाजूंची मिळून साडेसहा वजा होते आणि आत उरतात ५७ मिमी. ब्रश आतल्या व्यासापेक्षा दोन-तीन मिलिमीटर मोठा हवा, म्हणजे तुम्हाला ५९ ते ६० चा लागेल. ५०.८ मिमीच्या, त्याच जाडीच्या ट्यूबला आत ४४.३ मिमी असतात, तिथे ४६ ते ४७ चा. व्हर्नियरने मोजणार असाल तर ट्यूबच्या तोंडाशी मोजू नका. ट्यूब प्लेटमध्ये बसवताना तोंड एक्सपांडरने फुगवलेलं असतं, तिथे माप मोठंच येतं. प्लेटच्या जाडीपलीकडे जाऊन मोजा, नाहीतर बॉयलरच्या ड्रॉइंगवरून जाडी घ्या.

आता अडकण्याविषयी. ब्रश पुढे सरकतो तेव्हा त्याच्या तारा मागे झुकतात. अर्ध्या ट्यूबमधून मागे ओढला, की त्याच तारा उलटून उभ्या राहायला बघतात आणि भिंतीत रुततात. म्हणून ब्रश एका दमात पलीकडे पूर्ण बाहेर काढायचा, तारा सरळ होऊ द्यायच्या आणि मगच परत ओढायचा. पलीकडचं टोक दिसत नसेल तर दांड्यावर रंगाची खूण करा. ट्यूबची लांबी, अधिक ब्रशची लांबी, अधिक १०० मिमी. खूण तोंडाशी आली की ब्रश बाहेर पडलाय.

दांडे एकमेकांत आट्यांनी जोडलेले असतात. ढकलताना आणि ओढताना दांडा फिरवायचाच असेल तर उजवीकडेच फिरवा. डावीकडे एक वेढा गेला तरी आटे सुटतात आणि ब्रश आत राहतो, दांडा हातात येतो. पुढे बॉयलरसमोर ट्यूबच्या लांबीइतकी मोकळी जागा नसेल तर मीटर-मीटरचे तुकडे घ्या, पण प्रत्येक जोड हाताने नव्हे, पान्याने आवळा.

अडकलेल्या ब्रशला मागे हिसके देऊ नका. उजवीकडे फिरवत ज्या दिशेने जात होता त्याच दिशेने पुढे रेटा. दांडा आतच तुटला असेल तर त्याच बाजूने एक इंची पाइप घालून पलीकडे ढकलून काढा. रॉकेल किंवा तेल ओतू नका. काजळीचा चिखल होतो, आणि बॉयलर पेटवल्यावर तो ट्यूबमध्ये जळतो.

काही बॉयलरच्या ट्यूबमध्ये धूर घुसळण्यासाठी पीळ दिलेल्या पट्ट्या असतात. त्या आधी बाहेर काढा, नंतर आठवणीने परत घाला. त्या घालायच्या राहिल्या तर चिमणीचं तापमान चढतं आणि दोष सफाईवर येतो.

प्रत्येक ट्यूबमधून दोन-तीन पूर्ण फेऱ्या पुरतात. झालं की पलीकडून बॅटरी धरा आणि अलीकडून पाहा. भिंतीवर करडी धातूची झाक दिसली पाहिजे. मखमलीसारखा काळा रंग दिसला तर आणखी एक फेरी. ट्यूबमधून ब्रश सैल जायला लागला, की तो टाकून द्या. झिजलेला ब्रश काजळी काढत नाही, तिला दाबून चोपडी करतो.

प्रश्न : आमची तेल गिरणी आहे, इंधन पऱ्हाटी (कापसाच्या काड्या) आणि सोयाबीन कुटाराचं (भुशाचं) ब्रिकेट. ट्यूबमध्ये विटेसारखा कडक थर बसतो, ब्रश त्यावरून नुसता घसरतो. भंडाऱ्याकडच्या राइस मिलवाल्यांना ही अडचण येत नाही म्हणतात.
— अमरावती

उत्तर : खरंच येत नाही, निदान याच स्वरूपात नाही. भाताच्या तुसाच्या राखेत बहुतांश सिलिका असते. ती सहसा वितळत नाही, भुरभुरीत राहते. त्यांचं दुखणं वेगळं. ती राख कानसेसारखी ट्यूबची तोंडं झिजवते. पऱ्हाटी आणि कुटारात पोटॅशियम जास्त, क्लोरीनही असतो. अशी राख कमी तापमानाला मऊ पडते, भट्टीतून उडून ट्यूबच्या तोंडाशी चिकटते आणि थंड झाली की दगड होते.

तिथे ब्रशऐवजी स्क्रेपर लागतो. स्प्रिंग स्टीलची चार पाती असलेला, पुढचा नट फिरवून मोठा-लहान होणारा घ्या. पहिल्या फेरीला पाती ट्यूबला जेमतेम टेकतील इतकीच उघडा, प्रत्येक फेरीला थोडी थोडी वाढवा. एकदम ताणून घातला तर पातं थराच्या कडेला अडतं किंवा ट्यूबमध्ये लांब ओरखडा काढतं, आणि ओरखड्यात पुढचा थर आणखी घट्ट धरतो. स्क्रेपरनंतर ब्रश फिरवायचाच. छिन्नी-हातोडा ट्यूबच्या तोंडाशी लावू नका, एक्सपांड केलेला जोड हलतो आणि पाणी झिरपायला लागतं.

थर बसूच नये यासाठी भट्टीकडे पाहा. बॉयलर क्षमतेपेक्षा जास्त लोडवर ओढला जातोय का? जाळीवर इंधनाचा ढीग एका बाजूला होतोय का? दोन्हींत भट्टीच्या तोंडाशी तापमान नको तितकं चढतं. पऱ्हाटी-कुटारात लाकडाचा भुसा किंवा तुसाचं ब्रिकेट मिसळून पाहा. इंधनात टाकायच्या ‘काजळी मारणाऱ्या’ पावडरी काजळीपुरत्या थोड्याफार चालतात. तुमच्या थरात काजळी कमी आणि राख जास्त आहे, तिथे पैसे घालवू नका.

प्रश्न : साखर कारखान्यातल्या वॉटर ट्यूब बॉयलरला हाच ब्रश चालेल का?
— अप्रेंटिस, कोल्हापूर जिल्हा

उत्तर : तिथे सगळं उलटं आहे. पाणी ट्यूबच्या आत, बगॅसचा (उसाच्या चिपाडाचा) धूर बाहेर. बाहेरची राख सूट ब्लोअरने, वाफेच्या झोताने उडवतात. आतल्या क्षारासाठी हवेवर किंवा पाण्यावर फिरणारी टर्बाइन वापरतात. तिच्या टोकाला हलत्या हातांवर दातेरी चकत्या असतात. वाकड्या ट्यूबसाठी मधे सांधा असलेली घ्यावी लागते. ती फिरत असताना एका जागी थांबवायची नाही, सेकंदाभरातही धातूवर खाच पडते. सुटलेले खवले पाण्याने सतत बाहेर काढत राहा. खालच्या ड्रममध्ये किती जमले ते मोजून ठेवलंत तर पुढच्या हंगामाच्या पाण्याबद्दल बरंच कळेल.

प्रश्न : फर्नेस ऑइलवरचा बॉयलर पावसाळ्यात महिनाभर बंद राहणार आहे. ट्यूब आता साफ कराव्यात की सुरू करण्याआधी?
— महाड

उत्तर : आता, आणि बंद केल्या केल्या. फर्नेस ऑइलच्या काजळीत गंधकाची संयुगं असतात. कोकणातली पावसाळी हवा तिच्यात मुरली की सल्फ्युरिक आम्ल तयार होतं आणि ट्यूबला खड्डे पडतात. साफ झाल्यावर चुन्याच्या निवळीचा हात द्या, चिमणीवर टोपी आहे याची खात्री करा, डँपर आणि दारं बंद ठेवा. पाण्याच्या बाजूला, पाणी पूर्ण काढून कोरडं केल्यावर, ताटल्यांत कळीचा चुना ठेवा. तो भुगा झाला की बदला. आणि पुन्हा पाणी भरण्याआधी सगळ्या ताटल्या मोजून बाहेर काढा.

प्रश्न : बॉयलर थंड झाला असं कधी समजायचं? आमच्याकडे घाई असते.
— नाव नको, तारापूर

उत्तर : दाब शून्य झाला म्हणजे थंड झाला असं नाही. आतलं पाणी ५० अंशांच्या खाली येऊ द्या. गार पाणी भरून घाई केली तर ट्यूब आणि प्लेट वेगवेगळ्या वेगाने आकसतात आणि जोड गळतात. भट्टीत किंवा ड्रममध्ये माणूस उतरवण्याआधी स्टीम, फीड आणि इंधनाचे व्हॉल्व्ह बंद करून कुलूप, फॅनचे फ्यूज काढलेले, आत २४ व्होल्टचा दिवा, गॅस मीटरवर ऑक्सिजन किमान १९.५ टक्के, कार्बन मोनॉक्साइड नाही, आणि बाहेर एक माणूस सतत उभा. तोंडाला रुमाल पुरत नाही, एन-९५ मास्क लागतो. काजळीमुळे कर्करोग होतो हे पर्सिव्हल पॉट या लंडनच्या शल्यविशारदाने धुराडी साफ करणाऱ्या पोरांवरून १७७५ मध्येच लिहून ठेवलंय. काम झालं की अंघोळ, आणि ते कपडे घरच्या कपड्यांत धुवायचे नाहीत.

प्रश्न : प्रश्न छोटा आहे. आमच्या घरच्या तांब्याच्या बंबाला पाणी तापायला हल्ली दुप्पट वेळ लागतो. तोच तारेचा ब्रश मारू का?
— चिपळूण

उत्तर : बंब म्हणजे छोटा फायर ट्यूब बॉयलरच. मधल्या नळीत जाळ, भोवती पाणी. पण तांबं मऊ असतं, पोलादी तारेने ओरबाडलं जाईल. जाळी आणि राख काढून घ्या, काथ्याचा किंवा नारळाच्या सोडणाचा बोळा बांबूला घट्ट बांधून वरून खाली फिरवा. काजळी चिकट, डांबरासारखी असेल तर तुम्ही ओली लाकडं किंवा ओली सोडणं जाळताय.

पाण्याच्या बाजूला क्षार असेल तर लिटरला ५० ग्रॅम लिंबूसत्त्व घालून हाताला सोसेल इतकं गरम पाणी भरा, जाळ न लावता दोन-तीन तास ठेवा, तोटीतून सोडून द्या आणि दोनदा स्वच्छ पाण्याने विसळा. तोटी बारीक वाहत असेल तर आधी तीच मोकळी करा, खवले तिथेच अडकतात. बंब पाण्याने भरल्याशिवाय जाळ लावू नका. आधी डाख सुटेल, मग तांबट शोधत फिरावं लागेल.