ब्रेकअपला सात महिने झाले, तरी रोज त्याचं स्टेटस बघते. मी यातून कधी बाहेर पडेन?

तुम्ही लिहिलंय की त्याचं दुसरीकडं जमलंसुद्धा, आणि तुम्ही मात्र रात्री उशिरापर्यंत त्याचं लास्ट सीन बघत बसता. 'मी इतकी कमकुवत कशी?' हे वाचून जीव कळवळला. कमकुवत अजिबात नाही तुम्ही.

जॉन बोल्बी या ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञांनी आणि जेम्स रॉबर्टसन यांनी आईपासून लांब, दवाखान्यात राहिलेल्या लहान मुलांचा अभ्यास केला. मुलं आधी आकांत करायची, आईला शोधायची, मग हिरमुसून गप्प व्हायची. मोठ्यांच्या प्रेमातही हीच ओढ असते, हे हझान आणि शेव्हर या मानसशास्त्रज्ञांनी १९८७ मध्ये मांडलं. तुमचं स्टेटस बघणं हे तेच शोधणं आहे. २०१० मध्ये प्रेमाचा अभ्यास करणाऱ्या मानववंशशास्त्रज्ञ हेलन फिशर यांच्या गटानं प्रेमभंग झालेल्यांना त्या माणसाचा फोटो दाखवून मेंदू तपासला, तर व्यसनाच्या तलफेशी जोडलेले भाग जागे झालेले दिसले. म्हणून स्वतःला रागावून काही होत नाही. समोर दिसणं कमी करावं लागतं. ब्लॉक करवत नसेल तर म्यूट करा, आणि रात्री फोन आईच्या खोलीत चार्जिंगला लावा.

माझा तो पुण्याला नोकरीला होता, सोमवारी हुतात्मा एक्सप्रेसनं जायचा. सगळं संपल्यावरही गाडीच्या वेळेला मला आपोआप जाग यायची आणि 'जागा मिळाली का?' विचारायला हात फोनकडं जायचा. शेंगाचटणी कुटली की त्याच्यासाठी वेगळा डबा काढला जायचा. हे फार हळू सुटतं. सुटतं मात्र नक्की.

सात रस्ता, नवी पेठ टाळून सोलापुरात राहायचं कसं, असं विचारलंय. टाळूच नका, फक्त एकट्या जाऊ नका. सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी आम्ही दोघं बसायचो, तिथं मी मावशीबरोबर जायला लागले. मला रडू यायचं, ती काही विचारायची नाही, प्रसाद हातावर ठेवायची. पुढं पुढं तिथं गेलं की मावशीच्याच गप्पा आठवायला लागल्या.

'लगेच दुसरं स्थळ बघू' म्हणणाऱ्यांना सध्या थांबवा. घरातल्या एका तरी माणसाला खरं सांगा. झोप, जेवण तुटलं असेल किंवा जगणं नको वाटत असेल, तर आजच १४४१६ वर फोन करा. ती सरकारची टेली-मानस सेवा आहे, मोफत, चोवीस तास, आणि मराठीत बोलता येतं.