दूरच्या देशांतल्या युद्धाने जगाचा व्यापार खरंच बंद पडतो का, आणि ठाण्यातून मसाल्यांची निर्यात सुरू करणाऱ्याने त्याची काळजी करावी का?

बंद पडत नाही. लांबतो आणि महागतो. मी बेलापूरला फ्रेट फॉरवर्डिंगमध्ये आहे, न्हावा शेव्याहून (म्हणजे जेएनपीटी बंदरातून) निघणाऱ्या मालाचं बुकिंग करतो, त्यामुळे माझं उत्तर बंदरावरून दिसतं तेवढंच समजा.

१९ नोव्हेंबर २०२३ ला गाझातल्या युद्धावरून येमेनच्या हुथी बंडखोरांनी हेलिकॉप्टरमधून उतरून लाल समुद्रात ‘गॅलक्सी लीडर’ हे जहाज ताब्यात घेतलं. पुढच्या महिन्याभरात मर्स्क, एमएससी, हापाग-लॉइड अशा बड्या जहाज कंपन्यांनी तो मार्ग टाळायला सुरुवात केली. जगातल्या कंटेनर वाहतुकीचा जवळपास ३० टक्के हिस्सा तोवर याच वाटेने, सुएझ कालव्यातून जायचा. त्यानंतर आफ्रिकेच्या टोकाला, केप ऑफ गुड होपला वळसा, म्हणजे साधारण १० ते १४ दिवस जादा.

प्रत्यक्ष हल्ला झालेली जहाजं तशी थोडीच. पण युद्धधोक्याच्या विम्याचा हप्ता जहाजाच्या किमतीवर ठरतो, आणि २०२४ च्या सुरुवातीला तो एका फेरीला एक टक्क्याच्या आसपास गेला होता. १० कोटी डॉलरचं जहाज असेल तर १० लाख डॉलर! त्यापेक्षा वळशाचं इंधन जाळलेलं परवडतं. शिवाय खलाशांचा जीव आहेच. मार्च २०२४ मध्ये ‘ट्रू कॉन्फिडन्स’ जहाजावरच्या हल्ल्यात तिघे गेले, उरलेल्यांना आपल्या आयएनएस कोलकाताने बाहेर काढलं.

जहाज उशिरा परतलं की त्याच्यासोबत येणारे रिकामे कंटेनरही उशिरा येतात, आणि खरा घोळ तिथे होतो. मुंब्रा बायपास बंद असला की जेएनपीटीचे ट्रेलर ऐरोलीकडे वळतात आणि बायपासशी काही देणंघेणं नसलेला माणूस ऑफिसला उशिरा पोहोचतो, हे तुम्हा ठाणेकरांना वेगळं सांगायला नको. तसंच झालं. लाल समुद्राच्या वाटेलाही न जाणाऱ्या मालाचं भाडं चढलं. सगळ्यात जास्त सोसलं नाशिकच्या द्राक्षांनी, कारण हंगाम नेमका जानेवारी ते मार्च. रॉटरडॅमला तीन-साडेतीन आठवड्यांत पोहोचणारा रीफर (थंड कंटेनर) पाच-सहा आठवडे पाण्यावर.

सुरक्षेच्या बाजूने एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. सगळ्यांचं लक्ष लाल समुद्राकडे लागलं आणि तिकडे सोमाली चाच्यांनी पुन्हा डोकं वर काढलं. डिसेंबर २०२३ मध्ये त्यांनी ‘रुएन’ हे मालवाहू जहाज पळवलं. मार्चमध्ये भारतीय नौदलाने ते सोडवलं आणि ३५ चाचे मुंबईत पोलिसांच्या ताब्यात दिले. भांडण गाझाचं, कोठडी मुंबईची. इजिप्त तर कुणाशी लढतही नव्हता, तरी सुएझचं त्याचं उत्पन्न २०२३ मधल्या १,००० कोटी डॉलरवरून पुढच्या वर्षी ४०० कोटींवर आलं.

मला स्वतःला लाल समुद्रापेक्षा इराणजवळच्या होर्मुझच्या सामुद्रधुनीची धास्ती जास्त वाटते. २०२४ मध्ये तिथून रोज सुमारे २ कोटी पिंपं तेल जात होतं, जगाच्या खपाचा पाचवा हिस्सा. तिथे आफ्रिकेसारखा वळसा घ्यायची सोयच नाही. सौदी आणि अमिरातीच्या पाइपलाइन आहेत, पण त्यातून थोडंच तेल वळवता येतं.

आता तुमचे मसाले. त्यांना पंधरा दिवसांचा उशीर सोसतो, तुमच्या भांडवलाला सोसेलच असं नाही. सुरुवातीला सीआयएफ भाव, म्हणजे भाडं आणि विमा धरून भाव, देऊ नका. एफओबी द्या, त्यात माल जहाजावर चढेपर्यंतचाच खर्च तुमचा असतो, म्हणजे भाडं आणि मध्येच लागणारा वॉर रिस्क सरचार्ज (युद्धधोक्याचा जादा आकार) खरेदीदाराकडे जातो. एलसी (खरेदीदाराच्या बँकेची पैशांची हमी) असेल तर शिपमेंटची शेवटची तारीख ऐसपैस मागून घ्या, कारण कंटेनर मिळाला नाही किंवा बुकिंग पुढच्या जहाजावर ढकललं गेलं की पहिली तीच तारीख उलटते. आणि पैसे माल पोहोचल्यावर मिळणार असतील, तर ‘किती दिवसांत’ हे बिल ऑफ लेडिंगच्या (माल जहाजावर चढल्याच्या पावतीच्या) तारखेपासून मोजायचं, असं ऑर्डर घेतानाच लिहून घ्या.