‘स्पिलओव्हर’साठी मराठी शब्द : प्रसार, गळती की पाझर?

अर्थशास्त्रातील ‘नॉलेज स्पिलओव्हर’ला ‘ज्ञानप्रसार’ म्हणावे की ‘ज्ञानगळती’, असे सोलापूरच्या पूर्व भागातील एका विद्यार्थिनीने विचारले आहे. एका उद्योगाने संशोधनावर केलेल्या खर्चाचे फळ दुसऱ्या उद्योगाला मोल न मोजता मिळणे, हा त्या संज्ञेचा अर्थ होय.

‘प्रसार’ कोणीतरी हेतुपूर्वक करतो. येथे तर ज्याचे ज्ञान आहे तो ते राखण्यासाठी पेटंट घेतो. ‘गळती’ हा शब्द त्याच्या बाजूने खरा आहे, पण गळती म्हणजे नासाडी, आणि देशाची अर्थव्यवस्था एकत्र पाहिली तर येथे नासाडी होत नाही. ‘झिरपणे’ चालले असते. परंतु श्रीमंतांची समृद्धी खालच्या थरांत झिरपते, या वादग्रस्त सिद्धांताने तो शब्द आधीच अडवून ठेवला आहे.

मला ‘ज्ञानपाझर’ योग्य वाटतो, आणि त्याचे कारण आपल्या दुष्काळी जिल्ह्यातच आहे. पाझर तलावाचे पाणी पाटाने कोणाला सोडले जात नाही. ते जमिनीत मुरते आणि खालच्या अंगाच्या विहिरींची पातळी वाढवते, मग विहिरीच्या मालकाने तलावासाठी एक पैही दिलेली नसो. (‘पाझर फुटणे’ यातील दयेची छटा मात्र सोडून द्यावी लागेल.)

झ्वी ग्रिलिचेस या अर्थशास्त्रज्ञाने १९७९ मध्ये दाखवलेला भेदही या शब्दाने नीट पेलतो. विकत घेतलेले यंत्र गुणांच्या मानाने स्वस्त पडले, तर तो लाभ खरेदीतून आला. त्याला पाझर म्हणू नये. याउलट छायाचित्रणाची साधने आणि वैज्ञानिक उपकरणे बनवणारे उद्योग एकमेकांकडून फारसे काही घेत नसले, तरी त्यांचे प्रश्न मिळतेजुळते असल्यामुळे एकाचे संशोधन दुसऱ्याच्या कामी येते, हे ग्रिलिचेस यांचेच उदाहरण. म्हणूनच कोणत्या उद्योगाने कोणाकडून किती माल घेतला, एवढेच कोष्टक पुढे ठेवून मोजू गेल्यास पाट मोजला जातो आणि पाझर राहून जातो.

प्रश्नकर्तीने घरच्या जकार्डचा, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागाचा, उल्लेख केला आहे, तोही समर्पक आहे. आपल्या चादरीची नक्षी ज्या तत्त्वावर उठते, ती भोकांच्या पुठ्ठ्यांची युक्ती चार्ल्स बॅबेज यांनी एकोणिसाव्या शतकात आपल्या गणनयंत्राच्या आराखड्यात घेतली. विणकामातले ज्ञान गणिताच्या यंत्रात गेले.

वाक्यात मात्र शक्यतो क्रियापदच योजावे : ‘एका उद्योगातील ज्ञान दुसऱ्यात पाझरते’. ‘ज्ञानपाझर होतो’ हे व्याकरणाने चुकत नाही, पण कानाला खटकते.