छत उघडण्याआधी पाकीट उघडा

पुण्याच्या एका वाचकाचं पत्र. वय 44, हिंजवडीत आयटी कंपनीत नोकरी, पत्नी शिक्षिका, मुलगी नववीत. दोघांचे मिळून महिन्याला 3 लाख 20 हजार हातात येतात. कॉलेजात असल्यापासून उघड्या टपाच्या गाडीचं वेड होतं. यंदा मेच्या सुरुवातीला त्यांनी सेकंडहँड मिनी कूपर एस कन्व्हर्टिबल घेतली, 27 लाखांना. 7 लाख आपले, 20 लाख बँकेचं कर्ज, 11 टक्क्यांनी, पाच वर्षांसाठी. जुलैत 6 लाख बोनस येणार आहे. तो कर्जात भरू की पुढच्या गाडीसाठी वेगळी गुंतवणूक सुरू करू, हा त्यांचा प्रश्न.

शेवटी जाता जाता लिहिलंय: "कर्ज पटकन व्हावं म्हणून बँकेच्या रिलेशनशिप मॅनेजरने सुचवलेला गॅरंटीड प्लॅनही घेतला आहे. वर्षाला 4 लाख, 10 वर्षं भरायचे, 20 वर्षांनी 82 लाख. पुढची गाडी त्यातून रोखीने येईल. गाडीचा विमा आधीच्या मालकाने भरलेला आहे, ऑक्टोबरपर्यंत चालतो, त्यामुळे त्याची काळजी नाही. शिवाय अशा गाड्या भारतात मोजक्याच, किंमत टिकेलच."

नमस्कार,

बोनसचं नंतर बघू. तुमचं पत्र 17 जूनला आलं आणि त्याच रात्री मी तुम्हाला एका ओळीचा मेल केला: पॉलिसी हातात कधी पडली? तुम्ही कळवलंत, 29 मेला कुरियरने. मी म्हटलं, मेलबॉक्समध्ये शोधा. 23 मेला आलेली पीडीएफ सापडली, न उघडलेली.

तुमचा गॅरंटीड प्लॅन म्हणजे आयुर्विमाच. आयुर्विम्याची पॉलिसी मिळाल्यापासून 30 दिवसांत ती परत करता येते. याला फ्री लूक म्हणतात. ती आधी ई-मेलवर आली असेल तर कंपनी दिवस तिथून मोजू शकते. त्यामुळे तुमची मुदत 28 जून नव्हे, 22 जून धरा. पत्र लिहिलंत तेव्हा तुमच्या हातात पाच दिवस होते, आणि तुम्ही मला बोनसबद्दल विचारत होतात. म्हणून हे सगळं तुम्हाला तेव्हाच मेलने पाठवलं. आज इथे देतेय ते इतर वाचकांसाठी, कारण अशी न फोडलेली पाकिटं माझ्या टेबलावर दर महिन्याला येतात. प्लास्टिकचं आवरण तसंच असतं, आत पहिल्याच पानावर परत करण्याची मुदत छापलेली असते आणि वर्ष उलटून गेलेलं असतं.

आता ही पॉलिसी ठेवायची का, ते बघू. दहा वर्षांत 40 लाख भरायचे, वीस वर्षांनी 82 लाख मिळणार. "दुपटीहून जास्त" असं तुम्हाला सांगितलं गेलं. पण पहिला हप्ता 20 वर्षं अडकतो, शेवटचा 11 वर्षं. सरासरी साडेपंधरा वर्षं. तेवढ्या काळात पैसे जेमतेम दुप्पट होणं म्हणजे वर्षाला पावणेपाच टक्के. हेच 4 लाख दर वर्षी 7 टक्क्यांनी वाढले असते तर विसाव्या वर्षी साधारण 1 कोटी 16 लाख झाले असते. पीपीएफचा दर आज 7.1 टक्के आहे, आणि तुम्ही व पत्नी मिळून त्यात वर्षाला 3 लाख भरू शकता. म्हणजे गॅरंटीच्या नावाखाली तुम्ही 34 लाख सोडून देत होतात.

आणि पुढची गाडी? महागाई 6 टक्के धरली तर वीस वर्षांनंतरचे 82 लाख म्हणजे आजचे साडेपंचवीस लाख. आज 27 लाखांना घेतलेली सेकंडहँड गाडीसुद्धा त्यात येत नाही. तेव्हा तुम्ही 64 वर्षांचे असाल, निवृत्त. हे गणित दोन मिनिटांचं आहे, आणि ज्याने हा प्लॅन विकला त्यालाही येतं. त्याने ते तुमच्यासमोर मांडलं नाही याचा मला राग येतो. त्याहून जास्त राग याचा की "कर्ज पटकन होईल" म्हणून पॉलिसी पुढे केली. कर्ज मंजूर होतं ते पगार, क्रेडिट स्कोअर आणि गाडीच्या कागदांवर. विमा घ्या तरच कर्ज देऊ, अशी अट कोणी घातली तर ती लेखी मागा. लेखी कधीच मिळत नाही.

परत करायची पद्धत सोपी आहे. अर्ज विमा कंपनीच्या नावाने करा, बँकेच्या नाही. सोबत पॉलिसी आणि रद्द केलेला चेक. कारण एका वाक्यात: तोंडी सांगितलेला परतावा आणि पॉलिसीतली आकडेवारी जुळत नाही. कंपनीच्या शाखेत स्वतः जाऊन तारीख-शिक्क्यासह पोच घ्या आणि तोच अर्ज कंपनीच्या मेलवरही टाका. रिलेशनशिप मॅनेजर म्हणेल, "सर, माझ्याकडे द्या, मी पाठवतो." देऊ नका. तो म्हणेल, एक वर्ष थांबा, मग सोडा. वर्षभराने सोडली तर हाती येतं ते भरलेल्यापेक्षा बरंच कमी. आत्ता मात्र मुद्रांक शुल्क, वैद्यकीय तपासणीचा खर्च आणि जेवढे दिवस विमा होता तेवढ्याच दिवसांचा जोखमीचा आकार कापून बाकी सगळे पैसे परत मिळतात.

ही पॉलिसी गेली की 40 लाखांचं विमा कवचही जाईल, म्हणून लगेच पुढचं काम. तुमच्यावर घराचं 64 लाख कर्ज, गाडीचं 20 लाख आणि नववीतली मुलगी आहे. तुम्ही कळवलेले जुने विमे मिळून 25 लाखांचे. उद्या तुम्हाला काही झालं तर घराचं निम्मं कर्जही त्यातून फिटत नाही, आणि पत्नीला महिना 60 हजार पगारावर मिळून सव्वा लाखाचे दोन हप्ते भरावे लागतील. 60 वर्षांपर्यंतचा 2 कोटींचा साधा टर्म विमा घ्या, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा. वर्षाला 50-60 हजारांच्या घरात जाईल, तब्येतीप्रमाणे थोडं इकडे-तिकडे. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आयुर्विम्यावर जीएसटीही नाही. वैद्यकीय तपासणी होऊन नवा टर्म विमा हाती येईल तेव्हा येईल, पण त्याची वाट बघत 22 तारीख चुकवू नका.

आता गाडीचा विमा. तुम्ही "काळजी नाही" लिहिलंत ते वाचून मी खुर्चीत सरळ बसले. गाडी विकली गेल्यावर थर्ड पार्टीचा, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीचा भाग कायद्याने नव्या मालकाकडे येतो. तुमच्या गाडीचं स्वतःचं नुकसान भरून देणारा भाग असा आपोआप येत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 157 प्रमाणे गाडी हस्तांतर झाल्यापासून 14 दिवसांत विमा कंपनीला कळवून पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यायची असते. तुम्हाला सहा आठवडे होऊन गेले. आज कोणी मागून ठोकलं, कापडी छत ब्लेडने फाडलं किंवा सोसायटीच्या तळघरात पाणी शिरलं, तर कंपनी दावा नाकारू शकते आणि 20 लाखांच्या कर्जाचा हप्ता चालूच राहील. नाव बदलेपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नका, असं मी तुमची थोरली बहीण असते तर सांगितलं असतं, म्हणून इथेही सांगते.

डीलरकडून मालकी बदलाच्या फॉर्म 29 आणि 30 च्या प्रती मागून घ्या, आरसीवर तुमचं नाव चढलं का ते एमपरिवहन अॅपवर स्वतः तपासा. "होऊन जाईल सर" याला तारीख नसते. पॉलिसी नावावर करताना कंपनी गाडी तपासायला माणूस पाठवेल आणि नो क्लेम बोनसचा, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणाऱ्या सवलतीचा फरक भरायला सांगेल. ती सवलत मालकाची असते, गाडीची नसते. जुन्या मालकाला 50 टक्के मिळत असेल तर उरलेल्या महिन्यांचा फरक तुम्हाला भरावाच लागेल. भरा. झीरो डेप्रिसिएशन, म्हणजे भागांची घट न कापता पैसे देणारी जोड मिळत असेल तर तीही घ्या. साध्या पॉलिसीत रबर, नायलॉन, प्लास्टिकच्या भागांचे निम्मेच पैसे मिळतात, आणि कन्व्हर्टिबलमध्ये छताभोवतीची सगळी सीलं रबराचीच असतात.

बोनस. घराचा हप्ता 82 हजार, गाडीचा साडेत्रेचाळीस, घरखर्च 90, मुलीचं शिक्षण 20. एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडातली दरमहा गुंतवणूक धरली नाही तरी महिन्याला 2 लाख 35 हजार हवेतच. तुमच्या खात्यात आहेत 1 लाख 80 हजार, कारण 7 लाखांचं डाऊन पेमेंट अडीअडचणीच्या एफडीतून गेलं. म्हणजे नोकरी गेली तर पत्नीचा पगार सोडून तुमच्याकडे महिनाभराचीही सोय नाही. आयटीत 44 व्या वर्षी नवी नोकरी मिळायला किती वेळ लागतो ते तुमच्या आजूबाजूला बघा.

म्हणून बोनस कर्जात नको. पॉलिसीचे परत आलेले जवळपास 4 लाख, बोनसचे 6 आणि खात्यातले 1.8, मिळून पावणेबारा. टर्म विम्याचा हप्ता आणि गाडीच्या विम्याचा फरक गेला तरी सुमारे 11 लाख उरतात. हे एफडी आणि लिक्विड फंडात (लगेच काढता येणाऱ्या, कमी जोखमीच्या म्युच्युअल फंडात) ठेवा. साडेचार महिन्यांची सोय झाली. 6 लाख कर्जात भरले असते तर पहिल्या वर्षी 66 हजार व्याज वाचलं असतं, इथे कर जाऊन 30 हजार मिळतील. वर्षाला 36 हजारांचा हा फरक आनंदाने सोसा. पुढच्या वर्षीचा बोनस कर्जात भरा, पण आधी करार वाचा. निश्चित व्याजदराच्या कर्जाला मुदतीआधी फेडीचं शुल्क असू शकतं. 40 हजारांची एसआयपी मात्र थांबवू नका. पॉलिसीसाठी महिन्याला 33 हजार बाजूला काढावे लागणार होते, त्यातूनच आता पेट्रोल, टायर आणि सर्व्हिसिंग भागेल.

"मोजक्याच गाड्या आहेत, किंमत टिकेल" हे डोक्यातून काढा. गाड्या मोजक्या तसे गिऱ्हाईकही मोजकेच, आणि येणारा माणूस आधी छताच्या कापडावर हात फिरवून बघणार. पाच वर्षांनी मी 13-14 लाख धरेन. तुम्ही तोवर हप्त्यांचे 26, डाऊन पेमेंटचे 7 आणि वापराचे 9, असे 42 लाख घातलेले असतील. म्हणजे महिन्याला 47 हजार ही या हौसेची किंमत. तुमच्या कमाईत ती बसते, आणि इतकी वर्षं वाट बघून घेतलेल्या गाडीबद्दल मी तुम्हाला बोल लावणार नाही. फक्त तिला गुंतवणूक म्हणू नका.

पेंटवर ओरखडे टाळणारी सव्वा लाखाची फिल्म लावू का, असंही विचारलंय. यंदा नको. त्यातले थोडे पैसे छतावर खर्च करा. कापडाला पाणी न शोषणारं द्रव्य आणि सीलांना रबर कंडिशनर, दोन्ही मिळून काही हजारांत होतं. प्रेशर वॉशरवाल्याला छताजवळ येऊ देऊ नका. पावसात भिजलेलं छत तसंच दुमडलं की आठवड्यात बुरशीचा वास येतो, म्हणून पंख्याखाली पूर्ण वाळल्यावरच उघडा. छताच्या कडेला पाणी वाहून जायच्या बारीक नळ्या असतात. त्या पानांनी तुंबल्या की पाणी थेट गालिच्याखाली उतरतं आणि मग वायरिंगचं बिल लाखात जातं. दर पंधरा दिवसांनी त्या साफ करून घ्या, आणि सोसायटीत गुलमोहराखालची जागा मिळाली असेल तर आजच बदलून मागा.