तो आहे की नाही, हे मी विचारत नाही

"आईला जरा समजवा. इतकी वर्षं झाली, आता तरी तिनं मान्य करायला हवं."

ही विनंती माझ्याकडे इतक्या घरांतून आली आहे की एकदा त्यावर नीट लिहायला हवं होतं. टोरांटोच्या स्कारबरो भागात मी समुपदेशक म्हणून काम करते. श्रीलंकेतल्या तमिळांची जगातली फार मोठी वस्ती या परिसरात आहे, त्यामुळे माझ्यासमोर बसणाऱ्यांत जाफना, किलिनोच्ची, मुल्लैत्तीवूकडची माणसं बरीच असतात. विनंती करणारे असतात मुलगा, मुलगी, जावई, दीर. ज्यांच्याबद्दल ती असते त्या बहुधा आई किंवा पत्नी. आणि मधे असतो एक माणूस, जो २००९ पासून, श्रीलंकेचं सरकार आणि तमिळ बंडखोर यांच्यातलं युद्ध संपलं तेव्हापासून, सापडलेला नाही.

खाली सांगते ती गोष्ट एका घराची नाही. तीन-चार घरांतले प्रसंग मी एकत्र विणले आहेत आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मुख्य बाईंना मी अम्मा म्हणते. त्या मला 'पिळ्ळै' म्हणायच्या. तिकडच्या वडीलधाऱ्या बायका धाकट्यांना मायेनं अशीच हाक मारतात.

पहिल्यांदा आली ती अम्मांची मुलगी. तिचं लग्न ठरलं होतं, पण अम्मा तारीख काढू देत नव्हत्या. तिकडच्या हिंदू लग्नात वधूचा भाऊ 'तोळन' म्हणून उभा राहतो, नवऱ्या मुलाचे पाय धुतो आणि नवरा मुलगा त्याच्या बोटात अंगठी घालतो. आपल्याकडे कानपिळीला भाऊ लागतो, त्यामुळे मला ते लगेच समजलं. अम्मांचं म्हणणं एकच होतं : तोळन म्हणून माझा मुलगाच उभा राहील, तो येईपर्यंत थांबा. मामांचं म्हणणं होतं की मृत्यूचा दाखला घ्यावा, शांत करावी आणि मोकळं व्हावं. मुलगी दोघांच्या मधे पिचली होती. "अम्माला भ्रम झालाय का?" तिनं विचारलं.

अम्मांना भ्रम झालेला नव्हता. त्या नोकरी करत होत्या, घरभाडं वेळेवर भरत होत्या, देवळात जात होत्या. एवढंच नाही, आडी अमावास्येला त्या मुलीला घेऊन नवऱ्यासाठी तर्पण करायला लावत होत्या. नवरा मार्च २००९ मध्ये मात्तळनच्या किनाऱ्यावर तोफगोळ्यानं गेला. अम्मांनी आणि मुलानं त्यांना हातानं वाळू उकरून पुरलं, कारण जाळायला लाकूड नव्हतं आणि धूर करायची भीती होती. त्या मृत्यूबद्दल अम्मा बोलायच्या, रडायच्या, आणि नंतर चहा प्यायच्या. दोन महिन्यांनी दिसेनासा झालेल्या मुलाबद्दल मात्र त्या अवाक्षर काढत नसत.

एकच घर, एकच युद्ध, दोन माणसं गेलेली. एका दुःखावर खपली धरली होती आणि दुसरं तसंच वाहत होतं. फरक एवढाच की एकाचा देह त्यांनी पाहिला होता. अमेरिकेतल्या कुटुंबोपचारतज्ज्ञ पॉलीन बॉस यांनी व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या वैमानिकांच्या पत्नींचा अभ्यास करून हेच मांडलं होतं : ज्या हानीला शेवट नाही तिचा शोकही पुरा होत नाही, आणि यात दोष त्या बाईचा नसतो, परिस्थितीचा असतो. माझं सगळं काम या विचारावर उभं आहे. म्हणून मी अशा बायकांना "तो आहे असं तुम्हाला वाटतं का?" हे कधीच विचारत नाही. तो प्रश्न त्यांना आयुष्यभर सगळे विचारत आलेले असतात. 'आहे' म्हटलं तर वेडी ठरते, 'नाही' म्हटलं तर तिनंच त्याला मारलं असं तिला वाटतं.

मी विचारलं, "मुलाच्या हाताला कसली कला होती?"

अम्मा हसल्या. "रेडिओ. सायकलच्या डायनॅमोवर रेडिओ चालवायचा. मी भात शिजवायची आणि हा पॅडल मारत मला बातम्या ऐकवायचा."

तिथून पुढे त्या बोलू लागल्या. दुभाषी बाई माझ्या शेजारी होत्या. (घरातल्या मुलीला मी दुभाषी करत नाही. आईच्या तोंडचं असं काही मुलीनं परक्या भाषेत उच्चारणं म्हणजे तिला ते दुसऱ्यांदा सोसायला लावणं आहे.)

अम्मांच्या बोलण्यात एक साल सारखं यायचं, २००३. फेब्रुवारी २००२ मध्ये नॉर्वेच्या मध्यस्थीनं युद्धविराम झाला. जाफन्याला दक्षिणेशी जोडणारा, वर्षानुवर्षं बंद असलेला ए-९ महामार्ग उघडला, जाफन्याहून बसेस धावू लागल्या, परदेशात गेलेले नातेवाईक सुटीवर येऊ लागले. अम्मांनी त्याच काळात झापांची झोपडी मोडून सिमेंटचं घर बांधलं. कॅनडाहून आलेला भाऊ म्हणाला होता, पोराला माझ्याबरोबर दे. "मी म्हटलं, आता कशाला? आता शांतता आहे." पुढे २००६ उजाडलं. पूर्वेकडच्या मावील आरू इथल्या पाण्याच्या दारांवरून जुलैत पुन्हा युद्धाला तोंड फुटलं, ऑगस्टमध्ये ए-९ पुन्हा बंद झाला, आणि जाफन्याची लाखो माणसं रस्त्यानं तुटली. कागदावरचा युद्धविराम सरकारनं जानेवारी २००८ मध्ये मोडला. लोकांच्या लेखी तो कधीच संपला होता.

पुन्हा पेटलेल्या युद्धाची जखम पहिल्या युद्धाहून वेगळी असते, हे मला या घरांनी शिकवलं. पहिल्या वेळी माणूस म्हणतो, आमच्यावर संकट आलं. दुसऱ्या वेळी म्हणतो, मी शांततेवर विश्वास ठेवला, मी मूर्ख. ज्यानं घर बांधलं, झाडं लावली, मुलांना शाळेत घातलं, तो स्वतःलाच अपराधी धरतो. अम्मांचा अपराध तिथून सुरू होत होता.

नंतरचं त्या तुकड्यातुकड्यांनी सांगत गेल्या. २००८ च्या पावसाळ्यात छपराचे पत्रेसुद्धा काढून ट्रॅक्टरवर लादले आणि पूर्वेकडे निघाले. धर्मपुरम, विशुवमडू, उडैयारकट्टू. प्रत्येक मुक्कामी आधी बंकर खणायचा, मग चूल. वाळूच्या गोण्या मिळेनात तेव्हा बायकांनी साड्या फाडून पिशव्या शिवल्या. अम्मांनी लग्नातली कांजीवरम शिवली. सप्टेंबरमध्येच संयुक्त राष्ट्रांच्या कर्मचाऱ्यांना बाहेर काढलं होतं. सरकारनं 'सुरक्षित क्षेत्रं' जाहीर केली, माणसं तिथे गोळा झाली, आणि तोफा तिथेच पडल्या. दुसऱ्या बाजूनं एलटीटीई ही बंडखोर संघटना, तिकडची माणसं तिला 'इयक्कम' म्हणतात, घराघरातून पोरं ओढून नेत होती आणि निघून जाणाऱ्यांवर गोळ्या झाडत होती. अम्मांनी मुलाला बंकरच्या आत आणखी एक खड्डा करून त्यात महिनोन् महिने लपवलं. फेब्रुवारीत त्याला नेलंच. काही आठवड्यांनी तो पळून आला, वडिलांना पुरायच्या आधी दोन दिवस.

संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञमंडळानं २०११ मध्ये म्हटलं की त्या शेवटच्या टप्प्यात ४०,००० पर्यंत नागरिक मेले असावेत. सरकार म्हणत होतं, वेढ्यात सत्तरेक हजारच माणसं आहेत. मेनिक फार्मसारख्या विस्थापितांच्या छावण्यांत शेवटी पोचले जवळजवळ तीन लाख. अम्मा आणि मुलगी त्यांतल्या दोघी.

पण मेनिक फार्मच्या आधी एक सकाळ होती, आणि आम्ही बरेच आठवडे तिच्या कडेकडेनं फिरत होतो. मी घाई केली नाही. एके दिवशी मुलगीही खोलीत होती आणि अम्मा अचानक म्हणाल्या, "कुणी नेला नाही त्याला. मी दिला."

मे महिन्यात वट्टुवाकलचा पूल ओलांडून त्या सैन्याच्या ताब्यातल्या मैदानात आल्या. ध्वनिक्षेपकावरून सांगत होते : इयक्कममध्ये एक दिवस जरी असाल तरी नाव नोंदवा, चौकशी करून सोडून देऊ. अम्मांनी मुलाच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, जा, नोंदव. पिशवीत शर्ट आणि ओळखपत्र दिलं. तो बसमध्ये चढला.

"या हातानं दिला," त्या म्हणाल्या. "आता दाखल्यावर सहीसुद्धा याच हातानं करू?"

दाखल्याला नकार का, हे मामांना इतक्या वर्षांत कळलं नव्हतं. आम्हाला ते एका वाक्यात कळलं.

अशा वेळी "तुमचा काही दोष नाही हो" म्हणण्याचा मोह होतो. ते म्हणू नये. त्यानं बाई गप्प होते, बरी होत नाही. मी म्हटलं, "अम्मा, आज तुम्हाला जे माहीत आहे ते बाजूला ठेवा. त्या सकाळी तुम्हाला काय काय माहीत होतं, तेवढंच सांगा."

त्या बोटांवर मोजू लागल्या. नवरा गेलेला. मुलीच्या पायात गोळ्याचा तुकडा, जखम चिघळलेली. पाणी नाही. शेजारणी आपली पोरं नोंदवत होत्या. तोंडाला फडकं बांधलेली माणसं गर्दीतून इयक्कमची पोरं दाखवून देत होती.

"लपवला असता तर?"

"दाखवून दिला असता. मग मार जास्त पडला असता."

"मग तुम्ही त्याला कशासाठी पाठवलंत?"

दुभाषी बाईंनी प्रश्न सांगितला. अम्मांनी तो त्यांना पुन्हा सांगायला लावला. मग म्हणाल्या, "लवकर सुटावा म्हणून. घरी आणायला पाठवला मी त्याला."

हे वाक्य त्यांच्या स्वतःच्याच कानावर पहिल्यांदा पडत होतं. त्या ते दोन-तीनदा म्हणाल्या, दर वेळी थोडं मोठ्यानं. मग आवाज बदलला आणि राग आला, आणि तो राग पाहून मला फार बरं वाटलं. "नाव लिहून घेतलं त्यांनी! वहीत लिहिलं! मग ती वही कुठे आहे?"

माझ्या मते सगळ्या कामाचा सांधा इथे बदलला. अपराधभाव माणसाला छळतो, पण काहीतरी देतोही. 'माझ्यामुळे झालं' म्हटलं की निदान ते कुणाच्या तरी हातात होतं असं ठरतं. पूर्ण असहाय होतो हे मान्य करण्यापेक्षा पुष्कळ माणसांना अपराधी असणं सोसवतं. म्हणून तो नुसता काढून घेता येत नाही. त्याच्या जागी खरी जबाबदारी उभी करावी लागते. ज्यांनी नोंद केली, ज्यांनी बसमध्ये बसवलं, उत्तर त्यांनी द्यायचं आहे. अम्मांनी पंधरा वर्षं ते ओझं त्यांच्या वतीनं वाहिलं होतं.

मुलीनं मग स्वतःचं सांगितलं. तिला वाटायचं, माझा पाय चिघळला नसता तर अम्मानं इतकी घाई केली नसती. मी वाचले म्हणून अण्णा गेला. अम्मांनी तिच्याकडे वळून विचारलं, "हे तू इतकी वर्षं घेऊन बसलीस?" पुढचं त्या दोघी तमिळमध्ये भराभर बोलल्या. दुभाषी बाई माझ्याकडे पाहू लागल्या. मी खुणेनं सांगितलं, राहू द्या. जाफन्याचे मनोविकारतज्ज्ञ दया सोमसुंदरम अनेक वर्षं मांडत आले आहेत की तिथल्या युद्धाची जखम एकेका माणसाची नाही, कुटुंबाची आणि गावाची आहे. ती भरायचीही तिथेच, त्या दोघींच्या मधल्या जागेत. मी फक्त खोली दिली होती.

लग्नाचा तोडगा अम्मांनीच काढला. चुलतभाऊ तोळन होईल. त्याला त्या म्हणाल्या, "जागा त्याची आहे, काम तू कर. तो आला तर मी त्याला सांगेन, तुझं काम यानं नीट केलं." नाही आला तरी लग्न लागलेलं असेल. 'आहे' आणि 'नाही' दोन्ही एकाच वाक्यात बसवायला मी कितीही शिकले असते तरी इतकं नेमकं सुचलं नसतं.

आता घरच्यांसाठी. 'मान्य करा' हा शब्द टाकून द्या. पुरावा नसताना मृत्यू मान्य करणं हे शहाणपण नाही, आणि आशा धरणं हा आजार नाही. आजार कशाला म्हणायचं? झोप आणि जेवण तुटलं, जगू नये असं वाटू लागलं, दिवसाची साधी कामं सुटली, तर विनाविलंब मनोविकारतज्ज्ञाकडे न्या. औषधांबद्दल अढी ठेवू नका. एरवी विचारायचं ते असं : त्याची वाट पाहता पाहता या आठवड्यात आपण काय करू या? वाट पाहणं थांबवायचं नाही, त्याच्या शेजारी जगण्याला जागा करायची. मुलांपासून विषय लपवू नका. इथे जन्मलेल्या नातवंडांना १८ मेला मुळ्ळिवाय्क्कालची कांजी का प्यायची हे सांगा. युद्ध जिथे संपलं त्या मुळ्ळिवाय्क्कालच्या वेढ्यात नुसत्या तांदळाच्या पेजेवर माणसं जगली, हे सात वर्षांच्या मुलाला नीट समजतं.

कागदांची घाई नातेवाईकांना असते. श्रीलंकेत २०१६ च्या कायदादुरुस्तीनंतर मृत्यूच्या दाखल्याऐवजी गैरहजेरीचं प्रमाणपत्र मिळू शकतं. त्यानं बँक-मालमत्तेची कामं पुढे सरकतात आणि माणसाला मेला म्हणावं लागत नाही. बेपत्ता व्यक्तींसाठीचं कार्यालय २०१८ पासून काम करतं, पण घरच्यांचा त्यावर विश्वास कमीच आहे. किलिनोच्चीत फेब्रुवारी २०१७ मध्ये बेपत्तांच्या आया धरणं धरून बसल्या, ते उगाच नाही. रेड क्रॉसकडे तिथल्या १६,००० हून अधिक बेपत्तांची नोंद आहे. अर्ज करावा की नाही हे त्या बाईनं ठरवावं. मामानं नाही, समुपदेशकानंही नाही.

हे फक्त तिकडच्यांचं आहे असं समजू नका. २०२३ च्या जुलैत इर्शाळवाडीवर दरड कोसळली आणि शोध थांबला तेव्हा पन्नासहून अधिक माणसं मातीखालीच राहिली. समुद्रावर गेलेला खलाशी, पुरात वाहून गेलेला मुलगा, घरातून निघून गेलेले वडील : आपल्याकडेही अशी घरं पुष्कळ आहेत. सात वर्षं माग लागला नाही तर कायदा मृत्यू गृहीत धरू शकतो, शास्त्रात पालाशविधी, म्हणजे देह नसताना पळसाच्या पानांची प्रतिमा करून करायचा अंत्यविधी, आहे. दोन्हींचा उपयोग आहे, पण तारीख घरातल्या सर्वांत जवळच्या माणसानं सांगू द्या. दोन भावंडांना तो विधी हवा असेल आणि आईला नको असेल, तर त्या वर्षी करू नका. तिच्यासमोर बसा आणि मुलाच्या हाताला कसली कला होती, हे विचारा.