थॉर, इंद्र आणि आपला घोड्यावरचा देव

कोपनहेगन

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

परवा जेवताना तू विचारलंस, "आई, माझ्या वर्गातली एक मुलगी म्हणते थॉर म्हणजे तुमचा इंद्रच. खरं ना? मग आपल्या देवघरात इंद्र का नाही? आणि तो घोड्यावरचा देव कशाला आहे?" तोंडी सांगायला घेतलं की तू पहिल्या वाक्यालाच अडवतोस, म्हणून लिहून देते. सावकाश वाच. एखादा शब्द अडला तर बाबांना विचार, त्यांचाही अभ्यास होईल.

थॉर, म्हणजे इथल्या जुन्या लोकांचा गडगडाटाचा देव, आणि इंद्र सारखे आहेत, हे तुझ्या वर्गातल्या त्या मुलीचं म्हणणं खोटं नाही. मोठे अभ्यासकसुद्धा दोघांना एका पंगतीला बसवतात. दोघांच्या मागे ढगांचा गडगडाट. इंद्राच्या हाती वज्र, थॉरच्या हाती म्योल्निर नावाचा हातोडा. इंद्राचं वृत्राशी वैर, थॉरचं सगळ्या जगाला वेढून बसलेल्या सापाशी. खाण्यापिण्यात दोघेही हात राखून नाहीत. पण स्वभाव बघशील तर दोघांची तोंडं दोन दिशांना.

आपल्या पुराणातल्या इंद्राचा अर्धा जन्म आपलं सिंहासन सांभाळण्यात गेला. पृथ्वीवर कुठे कोणी तपाला बसलं की ह्याला वाटायचं, आला हा माझी गादी घ्यायला! मग पाठव एखादी अप्सरा, मोड त्याचं तप. आणि खरोखरच एखादा असुर चालून आला की बहुतेक वेळा इंद्र स्वर्ग सोडून पळतो आणि ब्रह्मा, विष्णू नाहीतर शंकराच्या दारात उभा राहतो. महिषासुराने स्वर्ग घेतला तेव्हा शेवटी देवीला लढावं लागलं. गोकुळावर रागाने पाऊस पाडला तेव्हा कृष्णाने गोवर्धन उचलून त्याची जिरवली. पूर्वी, वेदांच्या काळात, इंद्राचा मोठा मान होता, त्याच्यावर कितीतरी सूक्तं आहेत. पुढे तो गोष्टींपुरता उरला. आता कीर्तनात इंद्र आला की लोक गालातल्या गालात हसतात, हे तू आजोळी पाहिलं आहेस.

आता घोड्यावरचा देव. तो खंडोबा, आपलं कुलदैवत, जेजुरीचा. पुढच्या वेळी पूजा करताना टाक नीट हातात घेऊन बघ. चांदीच्या पातळ पत्र्यावर ठोकून उठवलेलं चित्र आहे ते. घोडा, घोड्यावर खंडोबा, मागे म्हाळसा आणि घोड्याच्या पायांशी कुत्रा. म्हाळसेचा चेहरा आता जवळजवळ पुसट झालाय. कितीतरी वर्षं आजी, आजीच्या सासूबाई, त्यांच्या सासूबाई तो पाण्याने धुऊन, पुसून, भंडारा लावत आल्या. भंडारा म्हणजे हळद, ज्याने आपल्या हॉलचा गालिचा कायमचा पिवळा केला तीच.

खंडोबाच्या गोष्टीत इंद्र येतो, आणि तुझ्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे. मणी आणि मल्ल हे दोन भाऊ, ब्रह्मदेवाच्या वराने माजलेले दैत्य. त्यांनी ऋषींचे आश्रम उद्ध्वस्त केले. ऋषी आधी गेले इंद्राकडे. तो म्हणाला, ह्यांना वर मिळालेला आहे, माझ्याने होणार नाही. मग विष्णूकडे गेले, तिथेही तेच. शेवटी शंकराकडे. शंकर मार्तंडभैरवाचं रूप घेऊन, हळदीसारखा झळकत खाली आला आणि दोघांशी लढला. मणी हरला तेव्हा शरण आला, आपला पांढरा घोडा देवाला दिला आणि तुझ्या देवळात मलाही जागा दे म्हणाला. ती त्याला मिळाली. मल्लाचं डोकं मात्र देवळाच्या पायरीत गेलं. आणि लढाई झाल्यावर देव कैलासाला परत जाऊन बसला नाही, इथेच राहिला. वाण्यांच्या म्हाळसेशी लग्न केलं, मग धनगरांच्या बाणाईशीही केलं (त्यावरून घरात जी भांडणं झाली त्याची गाणी वाघ्या-मुरळी अजून गातात, ती तू मोठा झाल्यावर ऐक). ज्याने "माझ्याने होणार नाही" म्हटलं तो पोथीत राहिला आणि जो आला तो देवघरात आला. मला तरी हे असंच दिसतं.

म्हणून तुझ्या त्या मैत्रिणीला सांग, थॉरची जोडी लावायचीच असेल तर इंद्राशी नको, खंडोबाशी लाव.

हसू नकोस. तू लायब्ररीतून आणलेल्या थॉरच्या कॉमिकच्या त्या जाडजूड अंकात काय आहे? आगीचा राक्षस सुर्तुर असगार्डवर, म्हणजे देवांच्या नगरीवर, चालून येतो आणि देवांचा राजा ओडिन, त्याचा मुलगा थॉर आणि लबाड लोकी तिघे एकत्र उभे राहतात. वॉल्टर सायमनसनने 1983 पासून थॉर लिहायला आणि काढायला घेतला, त्यातली ही 1985 ची लढाई. तिघांच्या आरोळ्या आठव. ओडिन ओरडतो असगार्डसाठी. लोकी ओरडतो स्वतःसाठी, तो लोकीच आहे. आणि थॉर? तो ओरडतो मिडगार्डसाठी, म्हणजे माणसांच्या जगासाठी. स्वर्गाच्या दारात उभं राहून हा गडी पृथ्वीचं नाव घेतो. सायमनसनला थॉर बरोबर कळला होता.

कारण जुन्या गोष्टींतही तो असाच आहे. आइसलंडच्या स्नोरी स्टुर्लुसनने 1220 च्या सुमारास ह्या गोष्टी लिहून ठेवल्या. त्यात असगार्डचा तट बांधायला एक परका गवंडी येतो आणि मजुरी म्हणून फ्रेया देवी, सूर्य आणि चंद्र मागतो. देव हो म्हणतात, कारण काम वेळेत व्हायचं नाही अशी त्यांची खात्री असते. ते होत आलेलं दिसल्यावर लोकीला घोडीचं रूप घ्यायला लावून त्याच्या घोड्याला पळवून नेतात. चक्क लबाडी! आणि हे सगळं होताना थॉर घरात नसतोच, तो पूर्वेकडे राक्षस मारत फिरतोय. हाक मारल्यावर येतो आणि तो गवंडीही राक्षसच निघाला म्हणून त्याचं डोकं फोडतो. ओडिन राजांचा, कवींचा देव. थॉर शेतकऱ्याचा. ब्रेमेनच्या आदाम नावाच्या पाद्र्याने अकराव्या शतकात स्वीडनमधल्या उप्सालाच्या देवळाबद्दल लिहिलं आहे की मध्यभागी थॉर बसवलेला असे, वारा-पाऊस आणि पिकं त्याच्या हाती, आणि दुष्काळ किंवा साथ आली की लोक त्यालाच नैवेद्य दाखवत. आमच्याकडे पाऊस लांबला की लोक असेच आपल्या गावच्या देवाला साकडं घालतात.

मार्व्हलने 1962 साली थॉरला कॉमिकमध्ये आणलं तेव्हा त्याला सोनेरी केस दिले आणि गुळगुळीत दाढी केली. गोष्टींतला थॉर लाल दाढीचा आहे. "जो लायक असेल त्यालाच हातोडा उचलेल" हेही कॉमिकवाल्यांचंच. गोष्टीतल्या थॉरला तो धरायला लोखंडी हातमोजे आणि ताकद वाढवणारा कमरपट्टा लागतो, बस्स.

आणि लग्नाची गोष्ट! थ्रिम नावाचा राक्षस हातोडा चोरतो आणि म्हणतो, फ्रेया बायको म्हणून द्या, मग परत देतो. मग थॉरलाच नवरी बनवतात. डोक्यावरून पदर, गळ्यात हार, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. मांडवात ही नवरी एक अख्खा बैल आणि आठ सामन मासे खाते, वर तीन पिंपं मद्य पिते. राक्षसाचे डोळे पांढरे होतात. करवली बनून आलेला लोकी म्हणतो, "अहो, तुमच्या ओढीने आठ रात्री जेवलीच नाही ती!" शेवटी नवरीला आशीर्वाद म्हणून हातोडा आणून तिच्या मांडीवर ठेवतात, आणि मग काय होतं ते तुला माहीत आहे. पण मांडीवर का ठेवतात ते बघ. त्या गोष्टीत लग्न पवित्र करायला हातोडाच लागतो. आपल्याकडेही लग्न झालं की नवरा-नवरीने जेजुरीला जायचं, नवऱ्याने बायकोला उचलून पाच पायऱ्या चढायच्या, घरी जागरण-गोंधळ घालायचा. तोवर लग्न पुरं झालं असं आजी मानत नाही. बाबांनी मला उचललं होतं. चौथ्या पायरीवर त्यांचा चेहरा कसा झाला होता ते फोटोत आहे, त्यांना दाखवायला सांग.

इथल्या राष्ट्रीय संग्रहालयात मी तुला राखाडी दगडाचा एक साचा दाखवला होता, तेव्हा तू कंटाळला होतास. ट्रेंडगोर्डन इथे सापडलेला, दहाव्या शतकातला. त्या एकाच साच्यात क्रूसही ओतता यायचे आणि थॉरचे हातोडेही. गिऱ्हाईक मागेल ते द्यायचं! नवा धर्म आला तरी गळ्यातला हातोडा लोकांनी लगेच सोडला नाही. 2014 साली लोलँड बेटावर कोबेलेव्हला असाच एक चिमुकला हातोडा सापडला, त्यावर रून लिपीत कोरलं होतं: "हा हातोडा आहे". कोरताना एक अक्षर गाळलंय, तुझ्या मराठीच्या वहीसारखं. लोकांनी गळ्यात घातला तो मुख्यतः हातोडा. आपले टाकही असेच मुठीत मावणारे, घर बदललं की कनवटीला लावून नेता येणारे. आपला टाक माझ्या पर्समधून विमानाने आला.

सगळंच जुळतं असं मात्र म्हणू नकोस. थॉरचा शेवट ठरलेला आहे. रॅग्नारोकला, म्हणजे जगाच्या शेवटच्या लढाईत, तो सापाला मारतो, नऊ पावलं चालतो आणि विषाने पडतो. हातोडा त्याची मुलं, माग्नी आणि मोदी, उचलतात. कॉमिकवाल्यांना ते परवडत नाही, पुढच्या महिन्यात अंक काढायचा असतो, म्हणून तिथे तो मरून पुन्हा पुन्हा येतो. खंडोबाला असा शेवटच नाही. आणि शत्रूचं म्हणशील, तर मणीसारखा हरलेल्याला देवळात जागा देण्याचा प्रकार मला असगार्डच्या गोष्टींत दिसला नाही. तुला दिसला तर सांग.

आता तुला सगळ्यात आवडेल ते. जेजुरीला खंडोबाचा खंडा आहे, म्हणजे तलवार, सुमारे 42 किलोची. तुझ्यापेक्षा जड. दसऱ्याला रात्रभर पालखीचा सोहळा होतो आणि मग गडावर तो खंडा उचलायची स्पर्धा लागते. एका हाताने, हात लांब करून, जास्तीत जास्त वेळ तोलून धरायचा. काही जण तर दातात धरून उचलतात! खाली भंडाऱ्याचा चिखल, वर "येळकोट येळकोट जय मल्हार" चा गजर, आणि मधोमध एखादा पोरगेलासा गडी, मनगटाच्या शिरा तट्ट फुगलेल्या, नजर तलवारीच्या टोकावर. तिथे लायक कोण हे कुठला मंत्र ठरवत नाही. वर्षभर जोर-बैठका काढल्या असतील तर उचलेल, नाहीतर नाही.

चंपाषष्ठी येतेय. चातुर्मासात सोडलेलं वांगं त्या दिवशी खायचं, तेव्हा भरीत आणि बाजरीचे रोडगे करणार आहे. तुर्की दुकानातून मोठी वांगी आणायचं काम तुझं. तळी उचलायला आपल्याकडे पाच जण लागतात आणि एक कमी पडतोय, तर तुझ्या त्या मैत्रिणीला बोलाव. आजी म्हणेल पुरुषच लागतात. आजीशी मी बोलते. मैत्रिणीला फक्त आधीच सांगून ठेव की पांढरे कपडे घालून येऊ नकोस.

आणि आजोबांनी विचारलंय, खंडा उचलायला कधी येतोस. त्यांना मी सांगितलंय की अजून तळघरातून पाण्याच्या बाटल्यांचा क्रेट वर आणताना दोनदा खाली ठेवतो.

तुझी,
आई