तिथं शिकवतात कसं?

प्रिय मुली,

बेळगाव सोडून त्या नावाजलेल्या मोठ्या कॉलेजात जायचं की नाही, यावर परवा फोनवर तू विचारलंस, ‘काका, तिथं शिकवतात तरी चांगलं ना?’ फौंड्रीत पोअरिंग, म्हणजे वितळलेला धातू साच्यात ओतणं, चालू होतं, म्हणून ‘लिहितो’ म्हटलं.

शिकवण्यापुरतं बघशील तर बेळगावातलं कॉलेज कदाचित सरस ठरेल. पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, आमचे एक सर वर्गात सायकल आणून उलटी उभी करत. टायरवर खडूची खूण करायची, पेडल एक फेरा फिरवायचं, मागचं चाक किती फिरलं ते आम्ही मोजायचं. गिअर रेशो मी त्या दिवशी शिकलो. पुढं ज्या नावाजलेल्या संस्थेत गेलो, तिथले एक प्राध्यापक पडद्यावर टाकलेली ट्रान्स्परन्सी, म्हणजे लिहिलेली पारदर्शक पट्टी, तासभर वाचून दाखवत. मान वर केलीच तर घड्याळाकडं. माणूस संशोधनात मोठा होता आणि तिथं मान त्यालाच होता.

तू एनआयआरएफचा, म्हणजे कॉलेजांच्या सरकारी क्रमवारीतला, नंबर सांगत होतीस. त्यात १०० पैकी ३० गुण ‘अध्यापन, अध्ययन व साधनं’ यांना आहेत खरे, पण मोजतात काय? विद्यार्थी किती, शिक्षक किती, पीएचडीवाले किती, खर्च किती. खडू कसा चालतो ते बघायला मागच्या बाकावर कुणी येऊन बसत नाही.

आणि तिथलं शिकवणं हवंच असेल तर ते खानापुरातही मिळतं. आयआयटी आणि बेंगळुरूच्या आयआयएस्सी या विज्ञान संस्थेनं २००३ पासून एनपीटेल हा ऑनलाइन शिकवणीचा उपक्रम चालवलाय, व्याख्यानं फुकट. मोबाईलवर येत नाही ते बाकीचं. पहिल्या सेमिस्टरला मी गणितात नापास झालो, तेव्हा हॉस्टेलवर शेजारच्या खोलीतल्या पाटण्याच्या पोरानं रात्री दोनपर्यंत बसून मला फूरिये सिरीज समजावली, मेसच्या बिलाच्या पाठीवर. त्याची हिंदी मला निम्मी कळायची, माझी त्याला तेवढीही नाही. बारा वर्षांनी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत शेड टाकली, तर पहिली कास्टिंगची ऑर्डर त्याच्याच ओळखीनं आली. याला वशिला म्हण हवं तर. मी म्हणतो.

हे माझ्या एकट्याचं नाही. डेल आणि क्रूगर या अमेरिकी अभ्यासकांनी २००२ साली दाखवलं की सारख्याच कॉलेजांत प्रवेश मिळालेली मुलं पुढं कुठंही शिकली तरी कमाईत फारसा फरक पडत नाही. गरीब घरच्या मुलांना मात्र बड्या कॉलेजचा फायदा झाला. डॉक्टरच्या पोराला ओळखी घरातच मिळतात. तुझे बाबा रिक्षा चालवतात, नोकरीसाठी ते कुणाला फोन करणार? म्हणून तू जा. कर्जाच्या कागदांचं मी बघतो, सोमवारी बाबांना घेऊन ये.

तासांना कंटाळा येईल, तो गृहीत धर. पण संध्याकाळी दार लावून खोलीत बसू नकोस, ते मी पहिले चार महिने केलं. ‘बेळगाव म्हणजे कन्नड की मराठी?’ असं कुणीतरी विचारेलच. वाद घालत बसू नकोस. आपल्या बेळगावी कुंद्याच्या मिठाईचा डबा उघड, आणि एक किलो नको, दोन किलो ने. हॉस्टेलचा मजला मोठा असतो.

तुझा,
काका